ओट्यापाशी कॅमेरा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

पोळ्यांच्या कामाला जाणाऱ्या मावशींवर फिल्म करायची, तर पहिला आठवडा कॅमेरा घरीच ठेव. त्या कुठल्या घरी किती वाजता पोचतात, चपला कुठे काढतात, चहा कुठे मिळतो आणि कुठल्या कपात, हे वहीत टिपत जा. काय शूट करायचं ते त्यातूनच ठरेल.

परवानगी आधी मावशींची, मग घरमालकिणीची. क्रम उलटला की मावशींना ‘नको’ म्हणायची सोय राहत नाही. फिल्म कुठे दाखवणार, ती मोबाइलवरही फिरू शकते, हे नीट सांगून त्यांचं उत्तर रेकॉर्ड कर. कच्चा कट दाखवून पुन्हा विचार. पगार, खाडे, मालकिणीबद्दलची कुरकुर यापायी काम जाऊ शकतं. त्यांनी नको म्हटलं की वाक्य कितीही झकास असो, काढायचं.

अशा फिल्म बहुतेक वेळा आवाजात फसतात. कॉलर माइक पदराला लावलास तर कापडाची खसखस, मंगळसूत्राजवळ लावलास तर मण्यांची टकटक. तो ब्लाउजच्या आतून, मंगळसूत्र टेकतं तिथून बाजूला, मेडिकल टेपने बसवायचा आणि वायरला एक सैल वेटोळं देऊन तेही चिकटवायचं, म्हणजे ओढ माइकपर्यंत जात नाही. माइक मावशींनाच लावू दे, तू नुसतं दाखव. बोलण्याची पातळी मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव. लाटणं आणि बांगड्या दुसऱ्या माइकने, पोळपाटापासून दीड-दोन फुटांवरून घे. घरघर नको म्हणून फ्रिज बंद केलास तर स्कूटरची किल्ली आतच ठेव, नाहीतर चालू करायचा विसरशील. निघण्याआधी प्रत्येक स्वयंपाकघराची नुसती शांतता मिनिटभर रेकॉर्ड कर. एडिटिंगमधले सांधे तिनेच बुजतात.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. मावशी खाली बसल्या की तूही मांडी घाल. वरून घेतलेल्या फ्रेममध्ये बाई उगाच बिचारी दिसते.

‘कसं वाटतं?’ असं विचारू नकोस. ‘चौथ्या घरून निघता तेव्हा स्वतःचं जेवण झालेलं असतं का?’ असं विचार, तेही हातात कणीक असताना. उत्तर संपलं की मनात दहापर्यंत मोज. खरं बोलणं पुष्कळदा सात-आठच्या सुमारास येतं.

युगांतर या स्त्रीवादी फिल्म-गटाची १९८१ची ‘मोलकरीण’ ही फिल्म आधी बघ. पुण्यातल्या घरकामगार बायकांवरची, जेमतेम २५ मिनिटांची. गटात दिग्दर्शिका दीपा धनराज होत्या, कॅमेऱ्यावर नवरोज कॉन्ट्रॅक्टर. तेव्हाच्या १६ मिमी फिल्मचा ४०० फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपायचा, त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार व्हायचा. तुझ्या ६४ जीबी कार्डात सेकंदाला १०० मेगाबिटच्या दराने सव्वा तासाच्या वर मावतं, आणि तीच खरी पंचाईत. दिवसाला दोन तासांहून जास्त शूट करू नकोस.

रात्री दोन वेगवेगळ्या डिस्कवर कॉपी कर, क्लिप उघडून बघ, मगच कार्ड फॉरमॅट.

आणि मावशींना साडेदहाचं घर गाठायचं असेल तर सव्वादहाला माइक काढू दे, शॉट राहिला तरी.

तुझी,
आई