सिल्व्हरटिप घेण्याआधी

चि. निखिल यास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले दाढीच्या तिन्ही ब्रशचे फोटो आईने मला मोठे करून दाखवले. खाली नुसतं 'बाबा, कोणता घेऊ?' त्या रविवारच्या बोलण्यानंतर तुझ्याकडून आलेला हा पहिलाच शब्द, म्हणून फोनवर दोन ओळी खरडण्याऐवजी कागद घेऊन बसलो. फक्त ब्रशबद्दल लिहिणार आहे. रात्रपाळीचा विषय काढायचा नाही, असं आईने बजावलंय.

पहिल्यांदा नावांचं सांगतो. हे ब्रश बॅजर नावाच्या, बिळात राहणाऱ्या जनावराच्या केसांचे. प्योर, बेस्ट, सुपर, सिल्व्हरटिप ही त्या केसांच्या प्रतींची नावं सगळ्यांनी मिळून ठरवलेली नाहीत. बनवणारा ती आपल्या मनाने लावतो, त्यामुळे एकाचा बेस्ट दुसऱ्याच्या सुपरपेक्षा मऊ निघतो. ढोबळ मानाने प्योर म्हणजे गडद, जाडसर केस, गालाला टोचतात. बेस्टचे केस त्याहून बारीक. सिल्व्हरटिपची टोकं मुळातच फिकट असतात आणि फार मऊ लागतात. पण ती दुधाळ, किंचित पिवळट असतात. तुझ्या तिसऱ्या फोटोतली टोकं खडूसारखी पांढरीशुभ्र दिसताहेत. स्वस्त केस ब्लीच करूनही सिल्व्हरटिप म्हणून विकतात, तेव्हा तो जरा संशयाने बघ. टोकं कात्रीने छाटलेली आहेत का, तेही विचार. चांगल्या ब्रशचा गोल आकार केस साच्यात रचून येतो आणि टोकं जशीच्या तशी राहतात. छाटलेला केस बोचतो, मग त्यावर नाव काहीही असो.

तुझ्या मानेवर जबड्याखाली ते लाल पुरळ आणि दोन ताज्या चिरा दिसल्या. व्हिडिओ कॉलवर तू मान वळवलीस तेव्हा. मऊ ब्रशने पुरळ थोडं कमी होईल. चिरा मात्र ब्रशमुळे पडत नाहीत. पहाटे ड्युटीवरून येऊन, डोळे मिटत असताना रेझर दाबून ओढला की पडतात.

बघ, आलाच विषय. असो.

मापाचं बोलू. दुसरा ब्रश 28 मिलिमीटर जाडीच्या गुच्छाचा आहे. तुझा चेहरा आईसारखा निमुळता. वरच्या ओठावर फेस लावायला जाशील आणि नाकपुड्यांत भरशील. 22 ते 24 पुष्कळ झाला. मुठीच्या वर केस किती उंच उभे आहेत, त्याला लॉफ्ट म्हणतात, तो 50 मिलिमीटरच्या आसपास असू दे. लॉफ्ट फार वाढला की ब्रश गालावर लोळतो, फार कमी असला की काठीसारखा ताठ लागतो. तू वडीचा साबण वापरतोस ना? मग त्यावर घासायला जरा जोर लागतो, म्हणून गच्च भरलेला, दोन पट्ट्यांचा ब्रश बरा: तळाशी गडद, वर फिकट. मधला पट्टा काळा आणि दोन्हीकडे फिकट असलेला तीन पट्ट्यांचा ब्रश बहुधा जास्त लवचीक असतो, क्रीमला तो छान. म्हणजे तुझ्यासाठी पहिल्या फोटोतला. तो त्यातल्या त्यात स्वस्तही आहे, पण मी त्यासाठी म्हणत नाही. तू स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी काहीतरी निवडून घेतोयस, तेही मापं बघून, तीन-तीन ब्रश तोलून, हे मी शेजारी आवर्जून सांगितलं. त्यांना बॅजर म्हणजे काय ते कळलं नाही, तरी सांगितलं.

आबांचा ब्रश डुकराच्या केसांचा होता. ते केस स्वतः पाणी पितात, म्हणून आबा उठल्या-उठल्या तो मगात बुडवून ठेवत आणि मग पेपर उघडत. वर्षानुवर्षांच्या वापराने टोकं फाटून इतकी मऊ झाली होती की आज कोणी बॅजर म्हणून विकला तरी पटावं. मूठ तडकली तेव्हा त्यांनी दोरा गुंडाळला, पण नवा घेतला नाही. तू स्टुलावर उभा राहून त्यांचा फेस पळवायचास, आणि स्वतःच्या गालाला न लावता आरशातल्या निखिलच्या गालाला लावायचास. आबा रागवायचे नाहीत. आरसा तसाच ठेवून उरलेल्या कोपऱ्यात बघून दाढी उरकायचे. त्या आरशाचं पुढे काय झालं, ते नंदूकाकाला विचारायला हवं. त्याच्याशी मीच बोलायला हवं खरं तर.

बॅजरचं तंत्र वेगळं. केसांच्या मधे तो भरपूर पाणी धरून ठेवतो, म्हणून भिजवून दोन-तीनदा झटक, नाहीतर साबण पातळ होऊन मनगटावरून ओघळेल. उकळतं पाणी नको. केसही खराब होतात आणि गुच्छा मुठीत बसवलेला डिंकही सैल होऊ शकतो. नव्या ब्रशला जनावराचा वास येतो, घाबरू नकोस, साबणाने चार-पाचदा धुतला की जातो. सुरुवातीला थोडे केसही गळतात. गालावर दाबून चिरडू नकोस, मधले केस तुटून तिथे खड्डा पडतो. हळू फिरव. हळू फिरवायला वेळ लागतो आणि वेळ असायला माणूस झोपलेला असावा लागतो. तू दिवसा किती तास झोपतोस, ते खरं सांगत नाहीस. 'होते झोप' म्हणजे किती? पडदे जाड आहेत का? पलीकडचा तो मुलगा अजून गाणी लावतो का? आपल्या घराण्यात रक्तदाब आहे, आबांना काय झालं ते तुला माहीत आहे, आणि तू वर ताईची फी भरण्यासाठी जादा पाळ्या घेतोस...

माफ कर. हे लिहायचं नव्हतं. खोडावं म्हटलं तर पान खराब दिसेल.

ताई मात्र तुला विचारणारच आहे की यासाठी जनावर का मारायचं. तिचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. ब्रिटनमध्ये बॅजरला 1992 च्या वेगळ्या कायद्याचं संरक्षण आहे. ब्रशचे केस येतात ते मुख्यतः चीनमधून, आणि तिथे त्या जनावरांचं काय होतं हे मूठ हातात घेऊन कळत नाही. हल्ली कृत्रिम धाग्याचे ब्रश फार सुधारलेत. लवकर वाळतात, वास नाही, फेसही झटपट होतो. पाणी बॅजरइतकं धरत नाहीत, एवढाच फरक. तिच्याशी बोलून मग ठरव. मी तुझ्या जागी असतो तर बॅजरच घेतला असता, पण तिच्यासमोर हे म्हणणार नाही.

अगदीच अनोळखी माणसाकडून, जुनापुराणा म्हणून काही घेऊ नकोस. पहिल्या महायुद्धाच्या काळात बॅजरसारखे दिसणारे घोड्याच्या केसांचे ब्रश विकले गेले, आणि केस नीट निर्जंतुक न केल्यामुळे दाढी करताना लोकांना अँथ्रॅक्स झाला, काही दगावले. आता तसं होत नाही, केसांवर प्रक्रिया करतात. तरी तुझ्या त्या उघड्या चिरांवर कसला तरी ब्रश फिरणार, या विचाराने मला काल जाग आली. आई म्हणाली, मुलाला झोपेवरून बोलता आणि स्वतः जागता.

पहिल्या फोटोतला घे. पाळी बदलून मागायचं काय झालं, तेही कळव. साहेबांना अर्ज तूच लिही, मी मसुदा पाठवला तर तुला आवडणार नाही हे माहीत आहे. मसुदा मात्र तयार आहे.

तुझा,
बाबा

ता. क. वापर झाल्यावर ब्रश धुऊन, झटकून उघड्यावर वाळू दे, ओला डब्यात कोंबू नकोस. पाणी जड असेल तर साबणाचा थर बसतो. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवलास की सुटतो. आईने विचारलंय, उशी बदललीस का.