काकूशी भांडून गेलीस त्याबद्दल

चि. अनू,
अनेक आशीर्वाद.

तू कोयना एक्स्प्रेसमध्ये बसलीस तेव्हा तोंड फुगलेलंच होतं, आणि पोचल्याचा मेसेजही "पोचले" एवढाच. काकूच्या चिऊला एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूवरची, लस द्यायची का यावरनं जेवताना जे झालं त्यात बाजू तुझी खरी होती, तरी हरलीस तूच. दहा जणांपुढं आकडे धडाधड सांगत होतीस तेव्हा तुझे बाबा आतून खूश होते. मी काकूच्या तोंडाकडं बघत होते. तुझा स्वतःचा तिसरा डोस झाला का, हा विषय आज काढायचा नाही असं मी ठरवलंय.

शेजारच्या मुलीची पाळी लस घेतल्यावर लांबली, असं काकू म्हणाली आणि तू हसलीस. हसू नकोस गं. ही लस नऊ ते चौदा वयात देतात. पाळीही साधारण त्याच वयात सुरू होते आणि पहिली दोन-एक वर्षं पुष्कळ जणींची अनियमितच असते. म्हणजे लस घेतलेल्या कितीतरी मुलींची पाळी पुढच्या महिन्यात मागंपुढं होणारच, न घेतलेल्यांचीही होणार. कावळा बसायला नि फांदी मोडायला. काकूला एवढंच विचारायचं होतंस की चिऊच्या वर्गात लस न घेतलेल्या कितीजणींची पाळी तारखेला येते. तिनं स्वतःच मोजलं असतं. त्याऐवजी तू म्हणालीस, "मनाचे खेळ आहेत." बायकांना हे काय कमी वेळा ऐकवतात? कोविडच्या लशीनंतर पाळी बदलली असं बायका सांगत होत्या, तेव्हाही हेच उत्तर मिळत होतं. पुढं अभ्यास झाले आणि दिसलं की पाळी खरंच थोडी पुढं जाते, सरासरी एका दिवसाहून कमी, आणि नंतर पूर्ववत होते. बाई सांगते ते आधी खरं धरावं, ते कशामुळं झालं हे नंतर तपासावं.

या लशीनं मुली दगावल्या, ही काकूनं सांगितलेली खम्ममची गोष्ट तू "व्हॉट्सअॅपची थाप" म्हणून उडवलीस. ती थाप नाही. 2009 मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात एका प्रकल्पात ही लस मुलींना दिली. सात मुली दगावल्या, आणि 2010 च्या एप्रिलमध्ये काम थांबलं. चौकशीत संमतीपत्रांचा घोळ निघाला: कितीतरी अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या. 2013 मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. हे सगळं काकूपुढं आधी मान्य कर. मग त्या मुलींच्या मृत्यूची कारणं सांग: कुणी सर्पदंशानं गेली, कुणी बुडून, कुणी कीटकनाशक पिऊन. परवानगी नीट घेतली का? नाही. लशीनं जीव गेला का? चौकशीत तसं आढळलं नाही. प्रश्न दोन आहेत. पहिल्याचं उत्तर काकू दुसऱ्याला चिकटवते, आणि तू दुसऱ्याचं पहिल्याला चिकटवून "काही झालंच नव्हतं" म्हणतेस. दोन्ही जिल्ह्यांत मिळून वीस हजारांवर मुली होत्या. एवढ्या मुलींत लशीविनाही काही मृत्यू होतात, म्हणून तुलना त्याच भागातल्या, त्याच वयाच्या, लस न घेतलेल्या मुलींशी करायची असते.

हे व्याख्यान झालं, माफ कर. पण "लस घेतली की कॅन्सर होतच नाही" हे वाक्य परत बोलू नकोस. गर्भाशयमुखाचे साधारण 70 टक्के कॅन्सर एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळं होतात. पुण्याच्या सीरमची सर्व्हावॅक ही लस या दोन्हींवर चालते, शिवाय 6 आणि 11 वर. बाकीचे प्रकार उरतातच, म्हणून तिशीनंतर तपासणी सुटत नाही. उद्या लस घेतलेल्या एखादीला हा कॅन्सर झाला तर काकू "बघ" म्हणेल, आणि तिला ती संधी तूच दिलेली असेल. त्यापेक्षा इंग्लंडचं सांग: बारा-तेराव्या वर्षी ज्यांना लस देऊ केली, त्या मुलींत हा कॅन्सर 87 टक्क्यांनी कमी झाला. 87 म्हण, शंभर म्हणू नकोस. आणि तपासणीचा विषय निघालाच तर धाराशिवचा अभ्यास सांग, तेव्हाचं उस्मानाबाद. सव्वा लाखावर बायका, 2009 साली निष्कर्ष आले, आणि एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले. काकू तिकडचीच, तिला ते जवळचं वाटेल.

ती ताटावरनं उठली ती यातल्या कशामुळंही नाही. "तुला पोरीची काळजीच नाही" म्हणालीस, म्हणून उठली. काळजी आहे म्हणूनच ती घाबरते. "सगळं जग घेतंय" यानं तिची भीती जात नाही, आणि "डब्ल्यूएचओ सांगतंय" यानं तर मुळीच नाही. ते का सांगतंय ते सांगावं लागतं.

आता तो डोस. शून्य, दोन आणि सहा महिने, असं तुझ्या वयाचं वेळापत्रक. दोन झाले, तिसरा "सुट्टी मिळाली की". तू घेतला नाहीस म्हणून लस वाईट ठरत नाही, हे मलाही कळतं. पण काकू "लोकां सांगे ब्रह्मज्ञान" म्हणाली तर तुझ्या तर्कशास्त्राला तिथं कोण विचारतंय? लहानपणी ट्रिपलच्या इंजेक्शनला सीपीआर हॉस्पिटलच्या पायरीवरच भोकाड पसरायचीस, तेव्हा उचलून नेता यायचं. उशीर झाला म्हणून पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा. बघ, काढलाच मी विषय.

काल भांडी लावताना काकूनं विचारलं, पाळी चालू असताना हे इंजेक्शन चालतं का. मी म्हटलं, अनूलाच विचार. चालतं. कोविडच्या वेळी, 2021 मध्ये, पाळीच्या पाच दिवस आधी-नंतर लस घेऊ नका असा खोटा मेसेज फिरला होता, तोच तिच्या डोक्यात असणार. चिऊनं उपाशी जायचं नाही आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसून राहायचं, या वयात सुईच्या धास्तीनं भोवळ येते, हेही सांग. पंधरावं पूर्ण व्हायच्या आत सुरू केलं तर तिला दोनच डोस, सहा महिन्यांच्या अंतरानं. फोन रात्री नऊनंतर कर, त्याआधी ती चिऊचा अभ्यास घेते.

तुझी,
आई