बाटलीआधी ताटली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिल्लू घरी आलं की दोन दिवसांत दुकानातून तीन वस्तू येतात: पट्टा, चावायचं हाड आणि कॅल्शियमची बाटली. पट्टा मापून घेतला जातो, बाटलीचं माप कोणी विचारत नाही. ‘सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे द्या, हाडं मजबूत होतात,’ एवढ्या सल्ल्यावर महिनोन् महिने ती चालू राहते. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, ग्रेट डेन अशा मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं बिघडण्यात या चमच्यांचा हात असतो, हे बाटली विकणारा सांगत नाही आणि घेणाऱ्याला सुचत नाही.

हिशेब मांडून पाहू. तीन महिन्यांचं, दहा किलोंचं लॅब्रेडॉरचं पिल्लू दिवसाला साधारण २५० ग्रॅम तयार कोरडं खाद्य खातं. पुडक्यावर कॅल्शियम १.५ टक्के लिहिलं असेल, तर पोटात ३.७५ ग्रॅम गेलं. या २५० ग्रॅममधून सुमारे ९०० किलोकॅलरी मिळतात. मोठ्या जातींच्या वाढत्या पिल्लांसाठी पशुखाद्याची मानकं ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘आफको’ या संस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा १,००० किलोकॅलरीमागे ४.५ ग्रॅम आहे. आपलं पिल्लू ४.२ च्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या आत, पण काठावर. आता बाटलीतले ते चार चमचे, म्हणजे वीस मिली सिरप घाला. त्यात दहा मिलीला ३०० मिलिग्रॅम असेल तर आणखी ६०० मिलिग्रॅम गेलं आणि आकडा ४.८ वर पोचला. वर कोणी माणसांची ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमची गोळी दोन वेळा सुचवली की ५.९. खाद्य चांगलं, सिरप चांगलं, गोळीही चांगली, बेरीज चुकीची.

पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं आतडं नको असलेलं कॅल्शियम सोडून देतं. पिल्लाला साधारण सहा महिन्यांपर्यंत ते नीट जमत नाही. जेवढं जास्त जाईल तेवढं जास्त शोषलं जातं आणि थेट वाढत्या हाडांवर परिणाम करतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेनच्या पिल्लांवर यावर सविस्तर काम झालं. जादा कॅल्शियमने कुर्चेचं, म्हणजे हाडाच्या टोकाकडच्या मऊ, लवचीक भागाचं, हाडात रूपांतर वेळेवर होत नाही. पुढच्या पायातली दोन समांतर हाडं एकसारखी वाढत नाहीत आणि पाय धनुष्यासारखा वाकतो. खांद्याच्या नाहीतर कोपराच्या सांध्यात कुर्चेचा पापुद्रा सुटतो. शिवाय जादा कॅल्शियम आतड्यात जस्ताची वाट अडवतं. मग डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, पंजांच्या गादीवर खपल्या धरतात आणि त्याला ‘स्किन अ‍ॅलर्जी’ समजून वेगळीच मलमं सुरू होतात.

यातली खरी गोची अशी की वाकलेला पाय पाहून घरचे ‘कॅल्शियम कमी पडतंय’ म्हणतात आणि डोस वाढवतात. पुढचे पंजे फाकणं, मनगट खाली बसणं हे तीन-चार महिन्यांच्या पिल्लात पुष्कळदा गुळगुळीत फरशीने, जादा वजनाने आणि बसून राहिल्याने होतं. खाद्य संतुलित असेल तर सिरप बंद करावं, फरशीवर रबरी मॅट किंवा जुनी सतरंजी अंथरावी, बरगड्या हाताला सहज लागतील इतपत वजन आणावं आणि मातीत, गवतात चालवावं. काही आठवड्यांत फरक दिसतो. दिसला नाही, पिल्लू लंगडत असेल किंवा एकच पाय वाकत असेल, तर एक्स-रे काढावा. रक्तातल्या कॅल्शियमच्या नुसत्या तपासणीवर विसंबू नये. खाण्यात खरोखर कमतरता असली तरी शरीर हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तातली पातळी जागेवर ठेवतं, त्यामुळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो आणि हाड मात्र पोकळ होत जातं.

खरी कमतरताही आपल्याकडे भरपूर आहे, पण ती वेगळ्या घरांत. दूध-चपातीवर किंवा नुसत्या बोनलेस चिकनवर वाढवलेल्या पिल्लांत ती दिसते. शंभर ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम १० ते १५ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस २०० च्या घरात. शरीराला हे प्रमाण कॅल्शियमच्या बाजूने एकास एक ते दोनास एक असं हवं असतं. ते इतकं उलटं झालं की हाडं मऊ पडतात आणि सोफ्यावरून उडी मारली तरी मोडतात. अशा पिल्लालाही नुसती बाटली पुरत नाही. त्याचं जेवणच बदलावं लागतं, कारण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्वं यांचीही तिथे बोंब असते.

गाभण कुत्रीबद्दल तर आपला समज अगदी उलटा आहे. ६३ दिवसांच्या गाभणकाळात कॅल्शियमचा मारा केला की हाडांतून कॅल्शियम काढून देणारी गळ्यातली पॅराथायरॉईड ग्रंथी सुस्तावते. कुत्री विते, पिल्लं दूध ओढू लागतात, गरज एकदम वाढते आणि ग्रंथी वेळेवर जागी होत नाही. पॉमेरेनियन, स्पिट्झ, पग अशा लहान जातींत, पिल्लं जास्त असतील तर, विल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांत हा प्रकार घडतो: धाप लागते, चाल ताठरते, अंग थरथरतं, ताप चढतो आणि शेवटी झटके येतात. अशा वेळी तोंडाने सिरप ओतू नये, ते फुप्फुसात जाईल. पिल्लं बाजूला काढून तडक दवाखाना गाठावा. तिथे कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, हृदयाचे ठोके ऐकत, सावकाश दिलं जातं. गाभणकाळात कॅल्शियमचा वेगळा डोस नको; शेवटच्या तीन आठवड्यांत पिल्लांसाठीचं चांगलं खाद्य सुरू करून ते दूध तुटेपर्यंत चालू ठेवलं की पुष्कळ झालं. ज्यांच्या गोठ्यात गाईंसाठी कॅल्शियमचा पाच लिटरचा कॅन असतो, त्यांनी तो कुत्रीपासून लांबच ठेवावा. तो डोस चारशे किलोच्या जनावराचा आहे.

आता घरच्या जेवणाकडे. २० किलोंच्या, फार न पळणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला हजारएक किलोकॅलरी लागतात. ३०० ग्रॅम शिजलेला भात, कच्चं असताना वजन केलेलं ३०० ग्रॅम बोनलेस चिकन, एक उकडलेलं अंडं, १०० ग्रॅम लाल भोपळा आणि दोन चमचे तेल एवढ्याने ती गरज जवळपास भागते. पण या सगळ्यात कॅल्शियम ११० मिलिग्रॅमच्या आसपासच येतं. लागतं किमान सव्वा ग्रॅम. ही तूट भरायला महागडं काही नको. अंड्याची टरफलं धुऊन दहा मिनिटं उकळावीत, तव्यावर कोरडी करावीत, मिक्सरमध्ये मैद्यासारखी दळून मलमलच्या कापडातून गाळावीत. भरड राहिली तर नीट शोषली जात नाहीत आणि टोचतात. एका वाळलेल्या टरफलाचं वजन सुमारे पाच ग्रॅम आणि त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम दोन ग्रॅम. वरच्या जेवणात तीन ग्रॅम पूड, म्हणजे साधारण अर्धा चमचा, मिसळली की कॅल्शियम पुरतं. बाकीच्या खनिजांसाठी आणि जीवनसत्त्वांसाठी घरच्या जेवणाकरता बनवलेलं मिश्रण पशुवैद्यकाकडून वजनानुसार ठरवून घ्यावंच लागतं. त्या मिश्रणात कॅल्शियम असेल तर टरफलाची पूड तेवढी कमी करावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या कुत्र्याचा हिशेब निराळा. आणि मोठ्या जातीच्या पिल्लावर घरच्या जेवणाचे प्रयोग करूच नयेत. त्याला ‘लार्ज ब्रीड पपी’ लिहिलेलं तयार खाद्य द्यावं आणि वर काही देऊ नये.

नाचणीचं नाव या विषयात हटकून निघतं. नाचणी चांगली, पण शंभर ग्रॅममध्ये कॅल्शियम ३५० मिलिग्रॅमच्या आसपास. सव्वा ग्रॅम हवं तर साडेतीनशे ग्रॅम पीठ लागेल आणि कुत्र्याचं दिवसभराचं पोट आंबिलानेच भरेल. दुधाचा रतीब लावायचा तर एक लिटर. त्याने आधी जुलाब होतील.

कॅल्शियमइतकीच काळजी ड जीवनसत्त्वाची. माणसांना आठवड्यातून एकदा देतात ते ६०,००० युनिटचं सॅशे आज घराघरांत आहे आणि ‘उरलंय, कुत्र्यालाही देऊ’ असा विचार होतो. दहा किलोंच्या कुत्र्याची दिवसाची किमान गरज ७५ ते ८० युनिट. म्हणजे एका सॅशेत त्याची दोन वर्षांची बेगमी. किलोमागे ४,००० युनिटपासून विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. या कुत्र्याला किलोमागे ६,००० गेली. उलट्या, खाणं टाकणं, सारखं पाणी पिणं, सारखी लघवी, आणि पाठोपाठ मूत्रपिंडं निकामी. सॅशे चाटलेलं कळलं की लक्षणांची वाट न पाहता निघावं आणि रिकामं पाकीट सोबत न्यावं. कुत्र्या-मांजरांच्या कातडीत उन्हाने हे जीवनसत्त्व पुरेसं तयार होत नाही, ते खाण्यातूनच यावं लागतं, हे खरं; पण तयार खाद्यात ते मोजून घातलेलं असतं. माणसांची साखरमुक्त सिरपं आणि गमी कुत्र्याला देऊच नयेत. त्यांत साखरेऐवजी घालतात ते झायलिटॉल असेल तर रक्तातली साखर काही मिनिटांत कोसळू शकते.

गोचीडतापात डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक तीन-चार आठवडे चालतं. त्याच काळात ‘अशक्तपणा’ म्हणून लोहाचं टॉनिक आणि कॅल्शियम सुरू होतं. ही दोन्ही औषधाला पोटातच धरून ठेवतात आणि रक्तात पुरेसं औषध जाऊ देत नाहीत. टॉनिक द्यायचंच असेल तर मध्ये किमान दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. गोळी दुधातून देऊ नये. मांजराला गोळीनंतर पाच-सहा मिली पाणी पाजावं, नाहीतर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते.

म्हातारपणी सांधे धरलेल्या कुत्र्याला ग्लुकोसामाइन देण्याची चाल आहे. त्याने नुकसान सहसा होत नाही, पण फायद्याचा पुरावा दुबळा आहे. माशाच्या तेलाचा पुरावा बरा, फक्त मात्रा खरी हवी. २५ किलोंच्या कुत्र्याला दिवसाला ईपीए आणि डीएचए (माशाच्या तेलातली ओमेगा-३ मेदाम्लं) मिळून दीड ते अडीच ग्रॅम लागतं. साध्या १,००० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये ते ३०० मिलिग्रॅमच असतं, तेव्हा रोज एक कॅप्सूल म्हणजे केवळ समाधान. पाच ते आठ लागतील, तीही एका दमात नाही. आठवड्याला एकेक वाढवावी, शौच पातळ झालं की थांबावं आणि तेलाच्या कॅलरी जेवणातून वजा कराव्यात. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी चीज आहे: त्यात अ आणि ड जीवनसत्त्वं असतात, ते या मात्रेत दिलं तर अंगावर येईल. जवसाचं तेल कुत्र्याच्या शरीरात ईपीएमध्ये फारसं बदलत नाही, मांजरात तर जवळजवळ नाहीच. या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे वजन. ४८ लॅब्रेडॉर जन्मभर पाळून केलेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा २५ टक्के कमी खाल्लेली कुत्री जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले.

मांजरांविषयी थोडक्यात. मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की हृदयाचे स्नायू ढिले पडतात आणि दृष्टी जाते. हृदयाशी असलेला हा संबंध १९८७ साली सिद्ध झाला. म्हणून दूध-चपाती किंवा कुत्र्याचं खाद्य मांजराला चालत नाही. मांस उकडलं तर त्याचं पाणी ओतून देऊ नये, टॉरिन त्यात उतरतं. किनाऱ्यावरच्या घरांत रोज कच्ची मासळी टाकतात. काही माशांतलं एक विकर (एन्झाइम) बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं आणि मांजराची मान छातीकडे झुकते. मासे शिजवून घातले की हा धोका टळतो. रोज कलेजी घातली तर अ जीवनसत्त्व साठून मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. आठवड्यातून एखादा तुकडा पुरे.

शेवटी लेबलाचा मुद्दा. या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘फीड सप्लिमेंट, नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं असतं, म्हणजे ती औषध म्हणून विकली जात नाही. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता. भारतीय मानक ब्यूरोचं आयएस ११९६८ हे मानक आहे, ते कुत्र्या-मांजरांच्या तयार खाद्याचं. बाटलीवर कॅल्शियम कधी दहा मिलीमागे लिहितात, कधी शंभर मिलीमागे. कधी कॅल्शियमचा आकडा असतो, कधी त्याच्या क्षाराचा. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे २०० मिलिग्रॅम कॅल्शियम. ५०० मिलिग्रॅम ग्लुकोनेट म्हणजे फक्त ४५. पशुसंवर्धन विभागाने आणि मानक ब्यूरोने एवढं तरी सक्तीचं करावं: दर मिलीमागे प्रत्यक्ष कॅल्शियम व फॉस्फरस मिलिग्रॅममध्ये, ड जीवनसत्त्व युनिटमध्ये, डोस वजनानुसार, आणि ‘तयार खाद्यावर असलेल्या पिल्लाला देऊ नये’ ही ओळ मराठीत, ठळक.

तोवर दवाखान्यात जाताना खाद्याच्या पुडक्याचे आणि बाटलीचे, दोन्हींच्या मागच्या बाजूचे फोटो न्यावेत आणि एका दिवसाचं खाणं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलून आकडा लिहून न्यावा. सिरप द्यायचं ठरलंच तर सुईविना सिरिंजने मोजावं. घरातला चहाचा चमचा तीन मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही असू शकतो.

आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक, सांगली