नवीन काय ऐकतोयस विचारलंस ना, हे घे

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर विचारलंस की हल्ली नवीन काय ऐकतोयस, आणि मी सांगायला लागलो तोवर तुझं ठाणे स्टेशन आलं. व्हॉट्सॲपवर नुसत्या लिंका पाठवल्या तर त्या गुड मॉर्निंगच्या ढिगात जातील, म्हणून बसून लिहितोय. इथे मालवणात पाऊस धो धो चालूय, बोटी वर ओढून ठेवल्यात, दुकानात गिऱ्हाईक नाही, त्यामुळे रात्री जेवण झालं की हेडफोन लावून बसायला भरपूर वेळ मिळतो.

तर मुद्द्याचं आधी सांगतो. ॲप जे पुढे करतं ते ऐकणं मी जवळजवळ बंद केलंय. स्पॉटिफाय आपल्याकडे २०१९ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा मी पण खूश होतो, पण ते तुला तू काल ऐकलंस त्याच्यासारखंच आज देतं, उद्या परत तेच, आणि ज्या पोराने घरातल्या खोलीत बसून पहिली चार गाणी रेकॉर्ड केलीत तो त्यात वर येणं कठीणच. शिवाय २०२४ पासून त्यांचा नियम असा की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं १००० वेळा वाजलं नाही तर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगचे पैसेच मिळत नाहीत. रक्कम तशीही चिल्लर असते हे मान्य, पण नवीन माणसाला पहिल्याच पायरीवर शून्य, हे मला अजिबात पटत नाही.

त्यापेक्षा मी नावांच्या मागे जातो. म्हणजे एखादं गाणं आवडलं की बेस कोणी वाजवलाय, मिक्सिंग कोणाचं, रेकॉर्ड कुठल्या लेबलने (म्हणजे रेकॉर्ड कंपनीने) काढलंय ते वाचायचं आणि त्या माणसाचं बाकीचं काम शोधायचं. उदाहरण सांगतो. दिल्लीचा पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी नावाचा बँड आहे (नाव कंपनीचं असलं तरी बँडच आहे), इंग्रजीत गातात, जुन्या जॅझसारखं ब्रास वाजतं, वॉल्ट्झचा ताल आणि त्यात एक लग्नाच्या बँडवाली उदासी. त्यांचा गायक सूर्यकांत साहनी, त्याचं नाव धरून पुढे गेलो तर कळलं की हाच माणूस लिफाफा या नावाने एकटा वेगळं संगीत करतो, ते हिंदीत आणि इलेक्ट्रॉनिक, आवाज तोच पण दुनिया पूर्ण दुसरी. हे मला कुठल्या ॲपने सांगितलं नाही रे, नाव वाचलं म्हणून सापडलं. पुण्याचे ईझी वाँडरलिंग्स पण ऐक, एकदम निवांत, कोकण रेल्वेत खिडकीत बसून ऐकायचं ते. आणि अभंग रिपोस्टवाले तुला आवडतीलच, गिटार, बेस, ड्रम्सवर अभंग करतात पण शब्दांना धक्का लावत नाहीत, तुझ्या बाबांना पण ऐकव.

आता यासाठी सगळ्यात कामाची जागा म्हणजे बँडकॅम्प ही वेबसाईट. २००८ पासून आहे, तरी आपल्यातल्या फार कमी जणांना माहितीय. तिथे बहुतेक अल्बम पूर्ण ऐकता येतो, आवडला तर विकत घ्यायचा, किंमत कलाकार ठरवतो, कित्येक जण तर "तुम्हाला द्यायचे तेवढे द्या" म्हणतात. डिजिटल विक्रीत साईट साधारण १५ टक्के कापते, वर पेमेंटचा खर्च, बाकीचं कलाकाराला. २० मार्च २०२० ला, सगळीकडे कार्यक्रम बंद पडलेले तेव्हा, त्यांनी एक दिवस स्वतःचा वाटाच सोडला, मग तेच पुढे ठराविक शुक्रवारी चालू ठेवलं, त्याला बँडकॅम्प फ्रायडे म्हणतात. मी माझी खरेदी त्याच दिवसासाठी राखून ठेवतो. तुझं कार्ड इंटरनॅशनल पेमेंटला चालू करून घे म्हणजे झालं.

पण शोधायची खरी मजा पुढेच आहे. अल्बमच्या पानावर खाली बारीक बारीक फोटो असतात, तो अल्बम ज्यांनी पैसे देऊन घेतलाय त्यांचे. त्यातल्या कोणावरही क्लिक केलंस की त्या माणसाने आजवर काय काय घेतलंय ते सगळं दिसतं. पैसे देऊन घेतलेलं आहे, नुसतं लाईक ठोकलेलं नाही, त्यामुळे माझा त्यावर भरवसा बसतो. असाच एकदा कुठल्यातरी लांबच्या देशातल्या माणसाच्या यादीतून मला राजस्थानच्या लाखा खान यांची सिंधी सारंगी मिळाली, दिल्लीच्या अमररस रेकॉर्ड्सने रेकॉर्ड केलेली, आणि मग त्या लेबलचं बाकीचं ऐकत दोन वाजले. साउंडक्लाउडवर पण थोडं असंच करता येतं, एखादा म्युझिशियन स्वतः कोणाला फॉलो करतो ते बघायचं, तिथे कच्चे डेमो खूप मिळतात.

आणि बाळ्या, घेतलंस की डाऊनलोड कर. फ्लॅक (फाईलचा एक प्रकार) मिळत असेल तर फ्लॅक घे, जागा जास्त खातं पण आवाजातलं काही कापलेलं नसतं. साईट आज आहे उद्या नाही. मायस्पेस या जुन्या साईटचं आठवतं ना, २०१९ मध्ये बाहेर आलं की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेली गाणी सर्व्हर बदलताना गेली, कायमची. बँडकॅम्प पण २०२२ ला एपिक गेम्सने घेतलं आणि दुसऱ्याच वर्षी साँगट्रेडर नावाच्या कंपनीला विकलं, कितीतरी लोकांच्या नोकऱ्या गेल्या. आपल्या हार्ड डिस्कवरचं कोणी काढून नेऊ शकत नाही. इथे तर वादळात लाईट आणि नेटवर्क दोन्ही जातं तेव्हा मोबाईलमध्ये जे उतरवलेलं असतं तेवढंच वाजतं.

चरणजीत सिंगची गोष्ट तुला सांगितलीय का? मुंबईत सिनेमाच्या गाण्यांना साथ करणारा वादक, त्याने १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर दहा राग डिस्को ठेक्यात बसवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी विचारलं नाही. मग एका डच रेकॉर्ड जमवणाऱ्याच्या हाताला ती लागली, २०१० ला परत निघाली आणि जगभरचे लोक म्हणायला लागले की अरे, हे तर ॲसिड हाऊससारखं (इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचा एक प्रकार) वाजतंय, आणि ॲसिड हाऊस तर नंतरचं! म्हाताऱ्याने मग परदेशात कार्यक्रम पण केले, २०१५ मध्ये गेला. मला यातलं एकच लागून राहतं, कव्हरवर त्याचं नाव छापलेलं होतं म्हणून शोधणारा त्याच्या घरापर्यंत पोचू शकला.

आणि आता तुझ्याकडे काम आहे ते इथून सुरू होतं. यूट्यूबवर आपल्याकडच्या डबलबारीची (दोन भजनी बुवांचा सामना), शक्ती-तुरा आणि नमन या कोकणातल्या लोककलांची किती रेकॉर्डिंगं आहेत बघ जरा. मी गेले कित्येक दिवस रात्री तेच ऐकतोय. कुठल्या लेबलचं नाही, कोणा कंपनीचं नाही, गावातल्या पोरांनी मंडपात मोबाईल उभा करून टाकलेलं, यापेक्षा इंडिपेंडंट संगीत अजून काय असतं मला सांग. त्यात एक पखवाजवाला ऐकला, बुवा गजराला (जोरातल्या नामघोषाला) आले आणि लय चढली तेव्हा त्याने डाव्या हाताने जे काय घुमवलंय, मी मागे नेऊन नेऊन ऐकलं. आणि त्याचं नाव कुठेच नाही. वर लिहिलंय दोन बुवांची नावं, "तुफान जुगलबंदी", खाली मंडपवाल्याचा नंबर. पखवाज कोणाचा, झांज कोणाची, गाव कुठलं, तारीख कुठली, काही नाही. मला तो माणूस दुसरीकडे ऐकायचाय आणि मी त्याला शोधू शकत नाही, याने जीव तुटतो रे.

२०२४ ला क्रेटेक्स आणि श्रेयसचं "तांबडी चामडी" नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं, मराठी हाऊस म्युझिक, पोरं कुठे कुठे नाचली त्यावर. म्हणजे मराठी ऐकायला जग तयार आहे. आपला पखवाज त्यांना का ऐकवू नये?

म्हणून गणपतीला येशील तेव्हा तुझा तो छोटा रेकॉर्डर नक्की घेऊन ये. वाडीतल्या भजनाच्या रात्री आपण नीट रेकॉर्ड करू. मी साउंडवाल्याशी बोललोय, तो मिक्सरवरून एक लाईन द्यायला तयार आहे, फक्त त्याला एको कमी ठेवायला तू सांग, तुझं ऐकतो तो, नाहीतर शब्द सगळे एकमेकांत जातात. नुसत्या मिक्सरच्या लाईनवर पखवाज मेल्यासारखा येतो आणि माणसांचा आवाज तर येतच नाही, म्हणून तुझा रेकॉर्डर पखवाजापासून थोडा लांब, कर्ण्याच्या तोंडापासून बाजूला ठेवू आणि मग दोन्ही जोडू. सुरुवातीला एक टाळी मारायची, जोडायला सोपं जातं. बुवांना आणि बाकी सगळ्यांना आधी विचारायचं, हो म्हणाले तरच चढवायचं, आणि पैसे आले तर कसे वाटायचे ते पण तेव्हाच बोलून घ्यायचं. नावांची वही मी करतो, कोरसमध्ये मागे बसणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांची.

काकूंना नमस्कार सांग. तिकिटाचं काय झालं? वेटिंगमध्ये असशील तर आत्ताच एसटीचं बघून ठेव, आणि कन्फर्म झालं की कळव, कणकवलीला न्यायला येतो.

तुझा,
आबा