‘ओरिजिनल सेट’ म्हणून विकलेल्या जुन्या गोल्फ आयर्न्सबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
जुने व सवलतीतील गोल्फ साहित्य विभाग

विषय : पिंग आय-टू आयर्न्सचा सेट वर्णनाप्रमाणे नसल्याने तो परत घेऊन पूर्ण रक्कम मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी पिंग कंपनीच्या आय-टू आयर्न्सचा (धातूच्या पात्यासारख्या डोक्याच्या गोल्फच्या काठ्या, म्हणजे क्लब) तीन नंबरपासून पिचिंग वेज या जवळच्या माराच्या क्लबपर्यंतचा आठ क्लबचा सेट साडेअठरा हजार रुपयांना घेतला. वर्णनात ‘ओरिजिनल सेट, एकच मालक, काळा ठिपका’ असे स्पष्ट लिहिले होते. प्रत्यक्षात आलेल्या आठ क्लबवर तीन वेगवेगळे सिरियल नंबर आहेत. 3, 4, 5, 7 आणि 9 यांच्या मानेवर (डोके दांड्याला जुळते तिथे) एक नंबर आणि मागे काळा ठिपका. 6 आणि 8 यांच्यावर दुसरा नंबर, ठिपका निळा. वेजवर तिसराच नंबर आणि ठिपका हिरवा. या कंपनीच्या मूळ सेटमध्ये सगळ्या आयर्न्सवर एकच नंबर असतो. तेव्हा हा सेट कुठेतरी तीन सेटमधून जमवलेला आहे, याबद्दल शंकेला जागा नाही. क्लब बनवणाऱ्यांचा यात काहीही दोष नाही. माझी तक्रार विकणाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे आहे.

ठिपक्याचा रंग ही शोभेची गोष्ट नव्हे. क्लबचा तळ जमिनीवर टेकवला की शाफ्ट, म्हणजे दांडा, किती ताठ उभा राहतो, ती ‘लाय’ त्या रंगावरून कळते. काळा म्हणजे प्रमाण, निळा त्याहून ताठ, हिरवा आणखी ताठ. माझ्यासारख्या उजव्या हाताने खेळणाऱ्याला प्रमाण लाय जुळत असेल, तर जास्त ताठ क्लबने चेंडू डावीकडे जातो. माझ्या बाबतीत नेमके तेच होते आहे. सात नंबरने मारलेला चेंडू सरळ जातो आणि त्याच अंगाने, त्याच लयीत मारलेला आठ नंबरचा डावीकडे जातो. शिवाय लागोपाठच्या दोन आयर्न्सच्या लांबीत साधारण अर्ध्या इंचाचा फरक असावा लागतो. इथे आठ आणि नऊ नंबर टेपने मोजले तर लांबी सारखीच भरते. आठ नंबरचा शाफ्ट कधीतरी बदलून आखूड कापला गेला आहे, हे उघड आहे.

हे सगळे विकत घेण्याआधी दिसू नये अशीच मांडणी आपल्या पानावर आहे, आणि मला सर्वात जास्त खटकले ते हेच. आठही क्लबना एकाच रंगाच्या कोऱ्या ग्रिप घातल्या आहेत, त्यामुळे बॅगेत सेट एकसारखा दिसतो. फोटोंमध्ये सगळ्यांचे चेहरे (चेंडू लागतो ती बाजू) आणि तळ आहेत, पण मागची बाजू फक्त सात नंबरची, काळ्या ठिपक्याची. मानेवरच्या नंबरांचा एकही फोटो नाही.

फोनवर आपल्या प्रतिनिधींनी सांगितले की माल जुना आहे, सवलतीत घेतला आहे, किरकोळ फरक असणारच. हे मला अजिबात मान्य नाही. हा सेट जुना आहे म्हणूनच मी घेतला. पिंगचे संस्थापक कार्स्टन सोल्हाइम हे जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम केलेले अभियंता. क्लबच्या डोक्यातले वजन मध्यातून काढून कडेला नेले, तर चेंडू थोडा बाजूला लागला तरी मार वाया जात नाही, हा विचार त्यांनी आयर्न्समध्ये आणला. 1982 साली आलेला आय-टू हा त्यातला सर्वांत गाजलेला सेट. स्टेनलेस स्टीलची ती डोकी आजही उत्तम चालतात. नव्या सेटला लाखभर रुपये मोजण्यापेक्षा असा सेट नीट पारखून घ्यावा आणि वर्षानुवर्षे खेळावा, असे मला मनापासून वाटते. डोक्यावरचे ओरखडे, झिजलेला रंग, शाफ्टवरचे डाग यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. सवलत त्या वयासाठी होती.

माझा व्यवसाय टॉवेलचा आहे. एका लॉटमध्ये दोन शेड निघाल्या तर गिऱ्हाईक अख्खा माल परत पाठवते आणि आम्ही तो घेतो. ‘टॉवेल स्वस्तात दिला होता’ असे उत्तर सोलापुरातला कोणताही कारखानदार देणार नाही.

त्यानंतर आपण 6, 8 आणि वेज बदलून ‘एखाद्या नव्या मॉडेलचे’ देऊ केले. गोल्फचा माल विकणाऱ्याने असे सुचवावे याचे मला वाईट वाटले. जुन्या सात नंबरचा लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन, साधारण 34 ते 36 अंश असे. आता नवशिक्यांसाठीच्या अनेक सेटमध्ये तोच नंबर 28 ते 30 अंशांवर आला आहे. कोन कमी झाला की चेंडू लांब जातो, म्हणून तशा सेटमधला सहा नंबर माझ्या जुन्या चार नंबरच्या आसपास चेंडू टाकेल. मग पाच आणि सातच्या मधल्या अंतराला मी कोणता क्लब काढायचा? लाय जुळवायला ‘वाकवून घ्या’ हा दुसरा सल्लाही तितकाच बिनकामाचा. हे ओतीव स्टेनलेस स्टील आहे, मऊ घडीव लोखंड नव्हे. ते वाकवायला योग्य यंत्र आणि जाणता हात लागतो, नाहीतर मान तुटते. आणि आठ नंबरची कापलेली लांबी वाकवून कशी वाढणार?

बॅगेत चौदापर्यंत क्लब असावेत, मग ते कुठल्याही सेटमधले असोत, असे खेळाचे नियमच सांगतात. ‘तीन सेटमधून जमवलेले आठ क्लब’ असे लिहून कमी किमतीत विकले असते, तर मी हे पत्र लिहिले नसते.

सोलापुरात गोल्फ खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सराव मी होटगी रस्त्यापलीकडच्या मोकळ्या माळावर करतो आणि खेळायला हुतात्मा एक्सप्रेसने बॅग घेऊन पुण्याला जातो. क्लब हातात धरून, मारून बघावा असे दुकान मला इथे नाही. आपण लिहिलेले वर्णन हाच आमच्यासारख्यांचा आधार. त्यामुळे ‘स्वखर्चाने पुण्याच्या गोदामात आणून द्या, मग तपासू’ हे उत्तर मी स्वीकारणार नाही. अडीचशे किलोमीटर माल न्यायचा खर्च, चूक ज्याची त्याने करावा.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार जाहिरातीतल्या वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच 48 तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे हेही त्याच नियमांत आहे. माल मिळाल्यावर परतीच्या मुदतीतच मी फोटोंसह लेखी कळवले होते. त्याची पोचसुद्धा मला मिळालेली नाही.

तरी आपण आपल्या खर्चाने सोलापुरातून सेट उचलावा आणि कुरिअरच्या आकारासह पूर्ण रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात जमा करावी. आठही क्लबवर एकच सिरियल नंबर आणि काळा ठिपका असलेला आय-टू आपल्याकडे असेल, तर रकमेऐवजी तो मी आनंदाने घेईन, मात्र पाठवण्याआधी प्रत्येक मानेचा आणि मागच्या बाजूचा फोटो हवा. आणि हाच सेट दुरुस्त वर्णनाशिवाय पुन्हा विक्रीला ठेवू नये.

महिन्याभरात निवारण न झाल्यास मी सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते.

सोबत : बिलाची प्रत, आपल्या पानावरील वर्णनाची छापील प्रत, आठही क्लबच्या नंबरांचे व ठिपक्यांचे फोटो, लांबीची मोजमापे.

आपला,
एक ग्राहक
जुळे सोलापूर, सोलापूर