बाई, तुम्ही पोरींच्या रांगेत उभ्या राहिलात

आदरणीय बाई,

शाल-नारळ तुम्हाला नको असतो हे आता गावाला कळलंय. सरपंचांनी सत्काराचं काढलं तर तुम्ही म्हणालात, त्या पैशात दोन तोट्या येतील, जुन्या गळतात. म्हणून मग मोबाइलवरच लिहितेय. वाचा आणि कृपा करून "अहो त्यात काय एवढं" म्हणू नका, कारण त्यात आमच्यासाठी बरंच काही आहे.

तुम्ही आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका झालात ते 2025-26 चं वर्ष संपत आलं. गळका पत्रा बदलला, टाकीत पाणी असतं, चौथीत जाऊनही अडखळणारी पोरं आता दिसेल ते वाचत सुटतात (आमची धाकटी किराणा दुकानातल्या पुड्यामागचं बारीक अक्षर वाचून दुकानदाराला एक्सपायरी सांगते, तो जाम वैतागलाय). हे सगळं गावाला दिसतंय, त्याबद्दल लोक बोलतातही. पण माझ्या मनात जे घर करून बसलंय ते वेगळंच आहे.

आधी तुम्ही नव्हतात तेव्हाचं सांगते. मुलींचं वेगळं संडास आपल्या शाळेत आधीपासून होतं. नुसतं कागदावर नाही, खरंखुरं होतं, भिंतीवर फुलपाखरू काढलेलं, फोटो काढून वर पाठवलेला. फक्त त्याला कुलूप होतं. घाण होते म्हणून कुलूप, पाणी नाही म्हणून घाण, आणि पाणी का नाही विचारलं तर बघू, वर कळवलंय, निधी आला की करू. साहेब तपासणीला येणार असले की आदल्या दिवशी कुलूप निघायचं, फिनेलचा वास पार रस्त्यापर्यंत यायचा, साहेब चहा पिऊन गेले की परत जैसे थे. माझी थोरली तेव्हा या शाळेत होती. पाण्याची बाटली भरून नेली तशी भरलेली परत आणायची. का गं विचारलं तर म्हणाली, प्यायलं की मधेच लागते, मग जायचं कुठं. आठ-नऊ वर्षाच्या पोरीनं हा हिशोब बसवला होता बाई, आणि पुढं तिला लघवीला जळजळ व्हायला लागली तेव्हा डॉक्टर म्हणाले हिला पाणी पाजा. मी तेव्हाच्या सरांकडे गेले तर ते म्हणाले, "ताई, तुमचं घर जवळच आहे की." अजून कानात आहे ते.

तुम्ही जूनमध्ये आलात. पाण्याचं कसं जमवलं, किती चकरा मारल्या ते तुमचं तुम्हाला माहीत. ग्रामपंचायतीला पंधराव्या वित्त आयोगातून जे पैसे यायचे त्यातले 60 टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचे असायचे हे आम्हाला तुमच्याकडून कळलं, म्हणजे "निधी नाही, निधी नाही" ऐकत आम्ही इतकी वर्षं माना डोलावत होतो. असो.

तर काम झालं, नळाला पाणी आलं, कुलूप निघालं, आणि मधल्या सुट्टीत पोरी नुसत्या बाहेर घुटमळत उभ्या. आत कोणी जाईना, सवयच नव्हती. मी शाळा व्यवस्थापन समितीच्या मीटिंगला आले होते म्हणून हे माझ्या डोळ्यांनी बघितलं. ऑफिसच्या मागे स्टाफचं वेगळं आहे, तुम्ही तिकडे गेला असतात तर कुणाला काहीच वाटलं नसतं. तुम्ही येऊन त्या पोरींच्या मागे उभ्या राहिलात, पदर खोचून, आणि पुढच्या पहिलीतल्या चिमुरडीला म्हणालात, "आटप गं बाई, मलापण लागलीय." पोरी अशा खदखदून हसल्या की विचारू नका, आणि मग एकेक करून आत गेल्या. तुमचा नंबर आला तेव्हा तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशीही तिथेच, आणि आजपर्यंत तिथेच. स्टाफच्या त्या संडासात आता झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात. पोरींचं एकदाही तुंबून राहिलं नाही, कारण तुंबलं तर मुख्याध्यापिकेचीच पंचाईत!

असं करा म्हणून कुठल्या जीआरमध्ये लिहिलेलं नसतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलामुलींसाठी वेगळं संडास आणि प्यायचं पाणी आहे, 2010 पासून तो लागू आहे, म्हणजे माझी थोरली जन्मली त्याच्या आधीच तिचा हक्क तयार होता. ती आता आठवीला तालुक्याला जाते. तिला मी तुमच्या रांगेची गोष्ट सांगितली, तर थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आमच्या वेळी का नव्हत्या त्या?" काय उत्तर देणार.

पुस्तकांच्या कपाटालाही तसंच कुलूप होतं, पोरं फाडतात म्हणून. तुम्ही सगळी पुस्तकं दोरीवर टांगली आणि म्हणालात, फाटलं तर वाचलं असं समजू. खूप फाटलीत, चिकटपट्टीचा खर्च समितीनं मंजूर केलाय.

आणि ती जुलैची पालकसभा! पहिलीपासून हिंदी हवी की नको यावर जूनभर टीव्हीवर रान पेटलं होतं, शेवटी 29 जूनला सरकारनं दोन्ही जीआर रद्द केले, तरी आपल्या सभेत एकानं तावातावानं तुमचं मत विचारलंच. तुम्ही म्हणालात, ते वर ठरेल, मला आधी सांगा आपल्या तिसरीतल्या कितींना मराठी वाचता येतं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग तुम्ही सांगितलंत की 2024 च्या असर पाहणीत (पोरांना वाचता येतं का ते घरोघरी जाऊन बघतात ती) देशभरातल्या खेड्यांत, सरकारी शाळेतल्या तिसरीच्या शंभरातल्या साधारण तेवीस पोरांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. तुम्ही कुणाला लाजवलं नाहीत, मागच्या सरांचं नावही काढलं नाहीत (मी असते तर काढलं असतं).

आपला पट साठच्या आत म्हणून शिक्षक दोन आणि वर्ग चार, त्यात एकाला मतदार यादीचं काम लागलं की संपलंच. आधी हेच कारण ऐकायला मिळायचं. तुम्ही रोज सकाळचा एक तास इयत्ताच मोडून टाकल्या. अक्षर ओळखणारे एकीकडे, शब्द वाचणारे एकीकडे, गोष्ट वाचणारे झाडाखाली. चौथीतला दांडगा पोरगा दुसरीतल्यांसोबत बसायला लाजत होता, तर त्याला तुम्ही त्या गटाचा हजेरी घेणारा केलंत. नावं वाचता वाचता वाचायला शिकला तो, त्याच्या आईला अजून खरं वाटत नाही.

दिवाळीनंतर अर्धी वस्ती ऊसतोडीला गेली तेव्हा आजी-आजोबांकडे राहिलेल्या पोरांच्या घरी तुम्ही स्वतः फिरलात, आणि जी आईबापासोबत कोपीवर (ऊसतोड्यांच्या झोपड्यांवर) गेली त्यांना व्हॉट्सअपवर तुमच्या आवाजात गोष्टी पाठवल्यात. मार्चमध्ये पोरं परत आली की आधी शेवटच्या बाकावर जायची, नावाला शाळेत. यंदा आल्या आल्या ज्याच्या त्याच्या गटात बसली, कुणी "कुठं होतास" असं टोचून विचारलं नाही. सगळ्यांचं वाचन झालंय असं नाही, दोघं-तिघं अजून जोडाक्षराला अडतात, ते तुम्हीच सांगितलंत, आणि तुम्ही सांगितलंत म्हणून बाकीच्या चांगल्या आकड्यांवर पण विश्वास बसला.

समितीचं पण सांगते. कायद्यानं पाऊण सदस्य पालक आणि निम्म्या बायका असाव्या लागतात, आमच्याकडे बायका होत्या पण रजिस्टर घरी यायचं, चुलीपुढं सही करायची आणि मोकळं. यंदा तुम्ही बायकांच्या कामाच्या वेळा बघून मीटिंग संध्याकाळी घेतली. साधी गोष्ट. पण आम्हाला विचारून वेळ ठरवलेली माझ्या आठवणीतली ही पहिली सरकारी मीटिंग. मोठ्या खुर्चीवर बसलेली माणसं वाईट असतात असं नाही म्हणत मी, बरीचशी नुसती समोरच्याकडे बघत नाहीत, आणि तुमच्यासारखं कुणी बघायला लागलं की मग कळतं आपण किती वर्षं न दिसता बसलो होतो. माणुसकीला निधी लागत नाही म्हणतात, मला ते पटत नाही, पत्र्याला लागलाच की. पण रांगेत उभं राहायला नव्हता लागला.

आता कामाचं. कंपाउंडची भिंत अजून अर्धीच आहे आणि डुकरं आत येतात. 1 मेच्या ग्रामसभेत आम्ही समितीतल्या बायका तो विषय लावून धरणार आहोत, अर्ज लिहून झालाय. तुम्ही त्यात पुढं येऊ नका, बदल्यांचे दिवस आहेत, कुणाला निमित्त नको. भांडायचं ते आम्ही भांडतो.

तुमची,
चौथीतल्या एका मुलीची (आणि तालुक्याला जाणाऱ्या एकीची) आई