कलाशाखा निवडताना कार्यशाळा पाहा

संपादक महोदय,

चित्रकला शिकण्यासाठी महाराष्ट्रातील बरीच मुले बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाकडे वळतात. ना. श्री. बेंद्रे यांनी तिथल्या चित्रकला विभागाची घडी बसवली, शंखो चौधरी यांनी शिल्पकलेची. पालकांची चौकशी मात्र प्रवेशपरीक्षेपाशीच थांबते. इतक्या मोठ्या सार्वजनिक विद्यापीठाचे खरे धन तिथल्या कार्यशाळा असतात.

एचिंगचेच घ्या. यात पत्र्यावर आम्लरोधक लेप देऊन त्यात ओढलेल्या रेषा आम्लाने खोल करायच्या आणि त्यांत शाई भरून प्रेसवर कागदावर छापायच्या. जस्ताच्या पत्र्याच्या कडा कानशीने उतरत्या कराव्या लागतात, नाहीतर प्रेसखाली कागद आणि त्यावरचे फेल्ट (जाड लोकरी कापड) दोन्ही फाटतात. पत्रा खडूच्या भुकटीने घासून तेलकटपणा घालवायचा. बोटाचा एक ठसा राहिला तरी तिथला लेप सुटतो आणि आम्ल नको तिथे खाते. एक भाग नायट्रिक आम्लाला आठ ते दहा भाग पाणी. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीच नाही. रेषेवर जमणारे बुडबुडे पिसाने सारत राहावेत, नाहीतर रेषा तुटक उमटते. कागद पुरेसा भिजवून टिपला नाही, तर खोल रेषेतली शाई तो उचलतच नाही.

हे पुस्तकातून येत नाही. त्यासाठी प्रेस, वाहते पाणी, धूर ओढणारा पंखा आणि कुशल कार्यशाळा-साहाय्यक लागतो. आमच्या मते ही साहाय्यकाची जागा रिक्त ठेवणे म्हणजे अभ्यासक्रमच बंद ठेवणे. प्रवेश घेण्याआधी विद्यार्थ्यांनी कार्यशाळा संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडी असते आणि प्रेसवर पाळी किती दिवसांनी येते, हे तिथल्या वरच्या वर्गातील मुलांना जरूर विचारावे.

– मुद्राचित्रण शिकवणारे काही शिक्षक, पुणे